वाचक विचारतात : मुंबईच्या जुन्या रात्री आणि त्यांचे गाणे

मागच्या अंकात धोबीतलावच्या गोवेकर वादकांवर मी एक टिपण लिहिले होते. रात्री चर्चगेटच्या हॉटेलांत आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत वाजवणाऱ्या त्या माणसांविषयी दीड पान लिहून मी विषय संपवला होता, पण वाचकांनी तो संपू दिला नाही. ठाणे, म्हापसा, नाशिक, कोल्हापूर, अगदी न्यू जर्सीहूनही पत्रे आली, आणि त्यांतली बरीचशी पत्रे म्हणजे आपल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या रात्री कुठे आणि कशा गेल्या याचा मुलांनी लावलेला शोध होता. सगळ्यांना जागा देता येत नाही. ज्या प्रश्नांत इतरांचेही प्रश्न येऊन जातात असे काही निवडले आहेत. पत्रलेखकांची नावे गाळून गावे तेवढी ठेवली आहेत.

प्रश्न : माझे वडील लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. लालबागच्या हनुमान थिएटरच्या आणि रात्र रात्र चालणाऱ्या भजनांच्या गोष्टी ते सांगत. दिवसभर कापडाच्या मागावर उभी राहणारी माणसे रात्रभर जागत कशी असतील? त्यांना झोप नको होती का? (ठाणे)

उत्तर : झोप हवी होती, झोपायला जागा नव्हती. तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर एवढ्यात आहे आणि जुन्या मुंबईच्या रात्रींविषयी मला जे सांगायचे आहे त्याचे मूळही त्यातच आहे.

गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार बहुधा एकटा असे. बायकामुले गावी, आणि तो इथे आपल्या गावकीच्या खोलीत. दहा बाय दहाच्या किंवा दहा बाय बाराच्या एका खोलीत वीस-पंचवीस माणसांच्या ट्रंका आणि वळकट्या असत. ही माणसे तिथे मावत, कारण ती सगळी एकाच वेळी तिथे नसत. गिरणीच्या तीन पाळ्या होत्या, आणि भोंगा झाला की एक जथा बाहेर पडे व दुसरा आत येऊन त्याच फरशीवर अंग टाकी. ज्याच्या वळकटीची जागा या घटकेला दुसऱ्या पाळीचा माणूस वापरतो आहे, त्याने जायचे कुठे? तो पायरीवर बसे, नाक्यावर उभा राही, व्यायामशाळेत जाई, आणि जिथे मृदंग वाजतो आहे तिथे जाऊन बसे. रात्री बाहेर राहणे ही त्याची हौस होतीच, पण त्याआधी ती त्याची गरज होती.

या गरजेतून केवढे गाणे उभे राहिले ते पाहा. कोकणातल्या चाकरमान्यांनी भजनी मंडळे आणली. दोन बुवांना समोरासमोर बसवून एकाने विचारायचे आणि दुसऱ्याने गाण्यातूनच फेडायचे, अशी डबलबारी रंगली की पहाट कशी झाली ते कळत नसे. रत्नागिरीकडचा जाखडी नाच, शक्तीतुऱ्याचे सवाल-जवाब, दशावतार, घाटावरचा तमाशा हे सारे मैल-दीड मैलाच्या परिसरात नांदत होते. शाहीर अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांचे लालबावटा कलापथक १९४४ साली उभे राहिले, ते याच श्रोत्यांच्या बळावर. ज्याला रोज रात्री ऐकायला माणसे हवीत त्या शाहिराला याहून चांगली वस्ती कुठे मिळणार होती?

आपल्या वडिलांचे हनुमान थिएटर हे तमाशाचे मुंबईतले हक्काचे घर होते. मधुकर नेराळे यांनी ते अनेक वर्षे चालवले. गावोगावचे नामांकित फड तिथे मुक्कामाला येत आणि कामगार तिकीट काढून बसत. ढोलकीची पहिली थाप पडली की आपण मुंबईत आहोत की गावच्या जत्रेत, याचा विसर पडावा, असे माझ्या ओळखीचे एक निवृत्त जॉबर, म्हणजे गिरणीतले मुकादम, नेहमी सांगत. बोलताना त्यांचा उजवा हात आपोआप मांडीवर ठेका धरी. सत्तरी उलटलेल्या त्या माणसाची बोटे साच्यावरच्या कामाने वाकडी झाली होती, पण ठेका चुकत नसे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मिटलाच नाही. गिरण्या बंद पडत गेल्या, कामगार गावी परतले किंवा बदलापूर-विरारकडे सरकले, आणि रात्री बाहेर असणारा माणूसच नाहीसा झाला. तमाशाचे थिएटर बंद होण्याचे खापर पुष्कळदा टीव्हीवर आणि व्हिडिओवर फोडले जाते. ते मला पटत नाही. टीव्ही आला म्हणून माणूस घरात बसतो, पण त्याला आधी घर लागते. इथे पाळी गेली, खोली गेली आणि तिच्याबरोबर श्रोता गेला.

प्रश्न : माझे आजोबा बार्देशातले. चाळीस-पन्नासच्या दशकांत ते मुंबईत सॅक्सोफोन वाजवत असत. घरात त्यांचा काळ्या सुटातला एक फोटो आहे, मागे कुठल्याशा हॉटेलचा पडदा दिसतो. ते कसले संगीत वाजवत असतील? आणि हॉटेल सोडून ते सिनेमाकडे का वळले असतील? (म्हापसा)

उत्तर : आपल्या आजोबांच्या फोटोतले हॉटेल कोणते ते मला सांगता येणार नाही, पण ते ज्या जगात वावरले त्याविषयी सांगता येईल.

१९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा अमेरिकन कृष्णवर्णीय वादक आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. मायदेशी ज्यांना वर्णभेदामुळे पुढच्या दाराने आत घेत नसत, ते कलावंत इथे संस्थानिकांपुढे आणि साहेबांपुढे जॅझ वाजवत होते. त्यांच्या शेजारी बसून ते शिकले कोण, तर आपले गोवेकर. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवली जाई. त्यामुळे पाश्चात्य संगीत कागदावरून वाचून वाजवणारा वादक हवा असला की मुंबईला गोव्याकडेच पाहावे लागे. मिकी कोरिया यांच्या वाद्यवृंदाने ताजमध्ये सुमारे दोन दशके वाजवले. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ हे चिक चॉकलेट या नावाने गाजले, आणि त्यांच्या ट्रम्पेटमुळे लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले.

ही माणसे राहत होती कुठे? धोबीतलाव, सोनापूर गल्ली, कावेल, माझगाव या भागांतल्या कुडांमध्ये. कूड म्हणजे गोव्यातल्या एकेका गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी चालवलेली निवासाची जागा. तिथेही एक दालन, भिंतीला लागून रचलेल्या पेट्या, एका टोकाला देव्हारा, आणि बोटीवर जाणारा खलाशी, आचारी, वादक असे सारे एका छपराखाली. लालबागची गावकीची खोली आणि धोबीतलावचा कूड या मला सख्ख्या बहिणी वाटतात. एकीत माळकरी बुवा टाळ घेऊन बसले होते आणि दुसरीत तुमचे आजोबा सॅक्सोफोनची पत्ती ओठांनी भिजवत होते, एवढाच काय तो फरक.

आता दुसरा प्रश्न. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांचा बार बंद झाला. वाद्यवृंदाचा खर्च त्या बारवरच निघत असे. काम कमी झाले तसे वादक तारदेव, महालक्ष्मी, दादर, अंधेरीच्या स्टुडिओंकडे वळले, आणि ती वेळही नेमकी जुळून आली, कारण हिंदी चित्रपटसंगीताला त्याच काळात मोठा वाद्यमेळ हवा होता. संगीतकार चाल पेटीवर गुणगुणून सांगे, ती स्वरलिपीत उतरवून चाळीस वादकांना कोणी काय वाजवायचे ते लिहून देणारा माणूस लागे, आणि तो माणूस गोवेकर असे. पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि हळदोण्याचे चिक चॉकलेट यांची जोडी ही याची सर्वांत लोभस साक्ष आहे. १९५१च्या ‘अलबेला’मध्ये गिरणगावातून वर आलेले भगवानदादा पडद्यावर नाचतात तेव्हा मागे वाजते ते या दोघांनी मिळून घडवलेले संगीत. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांना वाद्यमेळाची भव्यता दिली. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी तर १९५८ साली मुंबईत भारतीय रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून सादर करवल्या. पुढे त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी एका गाण्यात त्यांचे नाव अजरामर केले, पण ते नाव एका खऱ्या माणसाचे आहे हे पुष्कळांना उशिराच कळले.

दारूबंदीने हॉटेलातले वादन पुरते थांबले नाही, हेही सांगायला हवे. चर्चगेट स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या वीर नरिमन रोडवर, साठच्या दशकात संध्याकाळी चालत गेले की एका दारातून पियानो आणि पुढच्या दारातून ट्रम्पेट ऐकू येई. गेलॉर्ड, व्होल्गा, अ‍ॅस्टोरिया हॉटेलातले व्हेनिस ही नावे त्या पिढीच्या तोंडी अजून आहेत. व्हेनिसमध्ये ख्रिस पेरी यांचा वाद्यवृंद वाजत असे आणि लॉर्ना गात असत. कोंकणी गाण्याचा तो आवाज ज्याने तिथे प्रत्यक्ष ऐकला तो माणूस त्याबद्दल बोलताना आजही क्षणभर थांबतो. डेव्ह ब्रूबेक १९५८ साली आणि ड्यूक एलिंग्टन १९६३ साली, हे अमेरिकेतले नामवंत जॅझ वादक या शहरात येऊन वाजवून गेले, तेव्हा त्यांना दाद देणारा जाणता श्रोता इथे आधीच तयार होता.

आजोबांचे कागद असतील तर नीट पाहा. हाताने लिहिलेली स्वरलिपीची पाने सापडली तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. चित्रपटसंगीतात ज्यांचे नाव श्रेयनामावलीत कधीच आले नाही अशा शेकडो वादकांचा तोच एक लेखी पुरावा आहे.

प्रश्न : ‘पिला हाऊस’ या नावाचा अर्थ काय? पिवळे घर? (नाशिक)

उत्तर : नाही. ‘प्ले हाऊस’चा तो मुंबईकरांच्या जिभेवर झालेला अपभ्रंश आहे. ग्रँट रोडच्या या भागात एकोणिसाव्या शतकापासून नाटकगृहे होती. नाना शंकरशेट यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ग्रँट रोड थिएटरात विष्णुदास भावे यांनी १८५३ साली आपले खेळ केले. पुढे याच टापूत पारशी आणि उर्दू नाटके झाली, तमाशे झाले आणि शेवटी नाटकगृहांची सिनेमागृहे झाली. पठ्ठे बापूराव आणि पवळा यांनी मुंबई गाजवली ती इथेच. जवळचा फॉकलंड रोड आज पठ्ठे बापूराव मार्ग आहे. रेठऱ्याच्या कुलकर्ण्यांच्या घरात जन्मून तमाशाच्या फडावर उभ्या राहिलेल्या या शाहिराचे नाव त्याच्याच रंगभूमीच्या रस्त्याला मिळाले, हे मला फार योग्य वाटते.

प्रश्न : गिरगावात गणेशोत्सवात भर रस्त्यात रात्रभर शास्त्रीय गाण्याच्या मैफली होत, असे आई सांगते. ते खरे आहे का, आणि ते बंद का झाले? (डोंबिवली)

उत्तर : अगदी खरे आहे, आणि मी स्वतः त्या ऐकल्या आहेत, म्हणून या उत्तराला थोडी अधिक जागा घेतो.

गल्लीच्या दोन्ही तोंडांना बांबू आडवे बांधले की रस्ता बंद. डांबरावर ताडपत्री, ताडपत्रीवर सतरंज्या, आणि चाळीच्या दर्शनी भागाला टेकवून लाकडी चौथरा. जेवणे आटोपून लोक नऊ-साडेनऊला येत. पुढे जाणकार, त्यांच्यामागे आम्ही मुले, आणि वर तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्यांत कठड्यावर हात टेकून उभ्या असलेल्या बायका. कलावंत काही परका नसे. बा. र. देवधर यांनी १९२५ साली स्थापन केलेले संगीत विद्यालय ऑपेरा हाऊसपाशी, हाकेच्या अंतरावर होते. कुमार गंधर्व तिथेच घडले. केनेडी ब्रिजच्या परिसरात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची घरे होती. भेंडीबाजार घराण्याचे नाव ज्या वस्तीवरून पडले तीही पायी जाण्याजोगी. त्यामुळे गल्लीतला बँकेतला कारकूनसुद्धा तानेची जात ओळखी आणि तबलजीने सम चुकवली तर शेजाऱ्याकडे बघे.

एक पहाट मला विशेष आठवते. गायिका भैरवीवर आल्या होत्या. तेवढ्यात आरेच्या दूधकेंद्रावर गाडी लागली आणि बाटल्यांच्या लोखंडी जाळ्या उतरवण्याचा किणकिणाट सुरू झाला. गायिकेने क्षणभर डोळे उघडले, तिकडे पाहिले, आणि पुढची जागा घेताना त्या किणकिणाटाच्या लयीत आपला स्वर असा काही सोडला की पहिल्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ उठूनच उभे राहिले. दूध उतरवणाऱ्या मुलानेही हातातली जाळी तशीच धरून ठेवली. मग समेवर आल्यावर त्याने ती खाली ठेवली. मी पुढे मोठमोठ्या सभागृहांत गाणे ऐकले, पण कलावंत आणि वस्ती यांच्यात असा धागा पुन्हा पाहायला मिळाला नाही.

बंद का झाले, तर त्याची नोंद घेता येण्याजोगी बाजू म्हणजे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास त्यांनी मनाई केली. सणासुदीसाठी वर्षातून फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याची मुभा राज्य सरकारला मिळाली, पण मध्यरात्री संपणाऱ्या मैफलीत भैरव, ललत, तोडी यांना जागा कुठली? पहाटेच्या रागांना श्रोत्यांसमोर येण्याचे दारच बंद झाले. धोबीतलावचे रंगभवन याच प्रकारे मुके झाले. १९७८ साली ज्या उघड्या रंगमंचावर ‘जॅझ यात्रा’ हा जॅझ महोत्सव पहिल्यांदा भरला आणि जगभरचे वादक येऊन वाजवून गेले, ते रंगभवन शांतता क्षेत्रात आले, कारण शेजारी महाविद्यालय आणि रुग्णालये आहेत.

मी या नियमांच्या विरोधात नाही. रुग्णाला झोप हवी, परीक्षेला बसलेल्या मुलाला शांतता हवी, आणि भिंती थरथरवणाऱ्या ध्वनियंत्रणेला आवर घालायलाच हवा होता. परंतु तंबोऱ्यासमोर ठेवलेला एक माईक आणि ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत यांना एकाच मापाने मोजले गेले, ही खंत माझ्या मनातून जात नाही.

नियम येण्यापूर्वीच श्रोता पांगू लागला होता, हेही खरे. गिरगावची मुले लग्नानंतर बोरिवली, डोंबिवली, मुलुंडला राहायला गेली. मैफल पहाटेपर्यंत ऐकायची तर पाचव्या मिनिटाला घर गाठता आले पाहिजे. ज्याला रात्री पाऊण-एकची शेवटची गाडी पकडायची आहे, त्याचे अर्धे लक्ष मनगटावरच्या घड्याळात असते. तुमच्या आईला विचारा, गिरगाव सोडल्यावर ती गणपतीत किती रात्री तिथे थांबू शकली?

प्रश्न : तुमच्या टिपणात सगळे पुरुषच आहेत. या जुन्या रात्री स्त्रियांच्याही होत्या का, की त्यांच्या वाट्याला नुसते जागरण आले? (कोल्हापूर)

उत्तर : आपला आक्षेप मला मान्य आहे. मागचे टिपण या बाबतीत अपुरे होते.

त्या रात्रींचे गाणे स्त्रियांनी उभे केले, आणि त्या रात्री मोकळेपणाने उपभोगण्याची मुभा मात्र पुरुषांना होती. तमाशाच्या फडावर नाचणारी बाई सगळ्या गिरणगावाला ठाऊक असे. तिची जात, तिचे पोट, तिच्या मुलांचे शिक्षण याची विचारपूस किती जणांनी केली? केनेडी ब्रिजजवळच्या माड्यांवर ज्यांनी ठुमरी आणि गझल जिवंत ठेवली, त्यांची गाणी प्रतिष्ठित घरांतल्या ग्रामोफोनवर वाजत, पण त्यांना त्या घरांच्या दारात कोणी उभे केले नसते. अंजनीबाई मालपेकर यांना १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली आणि हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. कुमार गंधर्वांपासून किशोरी आमोणकरांपर्यंत अनेकांनी त्यांच्याकडून विद्या घेतली. त्यांचे नाव आज किती मुंबईकरांना सांगता येईल?

आणि खानावळवाल्या. एकट्या कामगाराच्या रात्री ज्यांच्या भाकरीवर चालत, त्या बायका तमाशाला जात नसत, भजनालाही क्वचित बसत. पहिल्या पाळीचे डबे पहाटे तयार व्हायचे म्हणजे त्या दोन-अडीचला उठत. बाहेर डबलबारी टिपेला पोहोचलेली असताना आत स्टोव्ह पेटत असे. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले, तेव्हा या कष्टाला पहिल्यांदा संघटनेचे आणि पतपुरवठ्याचे पाठबळ मिळाले.

माझ्या आईने गल्लीतली एकही मैफल खाली सतरंजीवर बसून ऐकली नाही. ती गॅलरीत कठड्याशी उभी राही, धाकट्याला खांद्यावर घेऊन. तिला राग ओळखता येत होते, हे मला तिच्या उतारवयात कळले. रेडिओवर मालकंस लागला होता, मी चुकीचे नाव घेतले आणि तिने भाजी निवडता निवडता दुरुस्त केले.

प्रश्न : डिसेंबरात तीन आठवड्यांसाठी भारतात येत आहे. विद्यार्थी असताना मी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये तासन् तास उभा राहून रेकॉर्डी ऐकल्या आहेत. ते बंद झाल्याचे कळले. आता मुलांना काय दाखवू? की सगळेच गेले? (न्यू जर्सी)

उत्तर : ऱ्हिदम हाऊस २०१६च्या सुरुवातीला बंद झाले. त्याच्या आदल्या वर्षी जहांगीर कलादालनातले कॅफे समोवार गेले होते, आणि त्याच्याही कितीतरी आधी, २००२ साली, कोपऱ्यावरचे वेसाइड इन, जिथल्या खिडकीशी अरुण कोलटकर बसत. एका चौकातून तीन बैठकीच्या जागा गेल्या. कुलाब्याच्या स्लिप डिस्क या डिस्कोथेकचा तर आता मागमूस नाही. १९७२ साली लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट तिथे अचानक वाजवायला उभे राहिले होते, हे आजच्या मुलांना सांगितले तर ती विश्वास ठेवत नाहीत.

तरीही सगळे गेलेले नाही. मुलांना टॅक्सीत बसवू नका, चालवा. सुरुवात ऑपेरा हाऊसपासून करा. १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेले हे नाट्यगृह १९९३ पासून बंद होते, ते दुरुस्त होऊन २०१६ साली पुन्हा उघडले. काही कार्यक्रम असेल तर आत जा आणि सज्जाकडे मान वर करून बघा. तिथून प्रार्थना समाज, गिरगाव, ठाकूरद्वार असे चिराबाजारापर्यंत या. भुयारी मेट्रोच्या कामात इथल्या काही जुन्या इमारती गेल्या आहेत, उरलेल्या चाळींच्या गॅलऱ्या मात्र अजून रस्त्यावर वाकून बघतात. साहित्य संघाच्या नाट्यगृहावरून जा. धोबीतलावला आलात की फुर्ताडोंच्या वाद्यांच्या दुकानात शिरा. १८६५ पासूनचे हे नाव आहे. मुलांना एखाद्या व्हायोलिनला हात लावू द्या. मग मेट्रो सिनेमासमोर १९०४ पासून उभ्या असलेल्या कयानीत बसा आणि ब्रून मस्का चहात बुडवून खा. इराण्याच्या टेबलाशी बसले की मी लहानपणीच्या बुधवारी परततो. अमीन सयानींची बिनाका गीतमाला रेडिओ सिलोनवरून सुरू झाली की इराण्याच्या दाराशी घोळका जमे आणि आत गिऱ्हाईक कप तोंडाशी नेता नेता थांबे.

ही चाल तासा-दीड तासाची आहे. ती रात्री नऊनंतर करा. दुकानांची दारे ओढली गेली की वस्तीची रचना उघडी पडते, आणि तमाशाचे थिएटर, कूड, मैफलीची गल्ली, इराणी आणि हॉटेल या सगळ्या जागा एकमेकींना पायी जोडलेल्या होत्या, हे पायांना कळते. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर शेवटची ट्राम धावली, तोवर तर आण्या-दोन आण्यांत हे शहर या टोकापासून त्या टोकापर्यंत गाता-ऐकता येत होते. (फुर्ताडोंचे दुकान आणि कयानी रात्री उशिरापर्यंत उघडी नसतात, तेव्हा व्हायोलिन आणि ब्रून मस्का संध्याकाळीच आटोपून घ्या.)

प्रश्न : परळची खोली पुनर्विकासासाठी रिकामी करताना माळ्यावर आजोबांची एक पेटी सापडली. आत चाळीसेक जुन्या जड रेकॉर्डी आहेत. धूळ खूप आहे. त्या कशा साफ करू, आणि ठेवण्यात काही अर्थ आहे का? (भांडुप)

उत्तर : अर्थ आहे, आणि कृपा करून हे उत्तर वाचेपर्यंत त्यांना काहीही लावू नका.

जड आणि ठिसूळ असतील तर त्या लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या आहेत. स्पिरिट किंवा स्पिरिट असलेले कोणतेही द्रव्य त्यांना लावायचे नाही, कारण लाख त्यात विरघळते आणि आवाज कायमचा जातो. आधी मऊ ब्रशने धूळ झटका. मग डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब घालून, मऊ फडके पिळून, खाचांच्या दिशेने गोल पुसा. मधले कागदी लेबल कोरडे राहू द्या, त्यावरची अक्षरे हीच त्या तबकडीची ओळख आहे. पुसल्यावर सावलीत उभी करून वाळवा. ठेवतानाही पुस्तकांसारख्या उभ्याच ठेवा. एकावर एक रचल्या तर खालच्या तडकतात. आजच्या एलपीच्या सुईवर त्या वाजवू नका. यांची खाच रुंद असते आणि तिला जाड सुई लागते, ती वेगळी मिळते.

लेबले वाचून एक यादी करा. कुत्र्याचे चित्र असलेल्या एचएमव्ही बहुतेक पेट्यांत निघतात. ओडियन किंवा यंग इंडिया असे काही दिसले तर ती तबकडी वेगळी काढा. यंग इंडियाच्या तबकड्या मुंबईतच, वडाळ्याला तयार होत, आणि १९३५ ते १९५५ या वीस वर्षांत त्यांनी अशा कितीतरी गायक-गायिकांचे आवाज टिपले ज्यांचे दुसरे ध्वनिमुद्रण कुठेही नाही.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटे मावतात. त्या पेटीतली पहिली तबकडी वाजवाल त्या दिवशी आपल्या वडिलांना किंवा आत्याला शेजारी बसवा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण चालू ठेवा. गाणे संपले तरी ते थांबवू नका. ही तबकडी कोणी आणली, कुठल्या गल्लीतून आणली, खोलीत त्या रात्री कोण कोण होते आणि कोणाची पाळी होती, हे त्यानंतरच निघते.